दुसरं साउंड कार्ड

"याला आवाजाचं एक यंत्र आधीच आहे म्हणतेस, मग दुसरं कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

मी टेबलाखाली, तोंडात स्क्रू आणि हातात नवं साउंड कार्ड. चौसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलेली सून त्यांना काही पटत नव्हती, पण खुर्ची मात्र त्यांनी अगदी जवळ ओढून घेतली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला चौकशा फार.

स्क्रू पिळून झाल्यावर मी समजावलं. आवाज आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं काम हे कार्ड करतं. जुन्या कार्डाला माइक आणि स्पीकर लावलेले, परगावच्या मुलीशी बोलायला. पण त्यातून रेकॉर्डिंग केलं की नुसती घरघर. म्हणून टेपरेकॉर्डरची वायर नव्या कार्डात घालायची, म्हणजे आवाज स्वच्छ उतरेल. आणि तोच जुन्या कार्डातून स्पीकरवर ऐकायचा.

"म्हणजे एक ऐकणारं, एक बोलणारं," त्या म्हणाल्या. इतकं थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं.

हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी होता. माझा नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्याने एकदा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवली होती. तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर अख्ख्या गावाला फोन जोडून द्यायचे आणि आमच्याच घरी फोन नव्हता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा आवाज तेवढा त्या कॅसेटमध्ये उरलेला, आणि तीही वाजवून वाजवून झिजलेली. दुरुस्तीवाल्याने स्पष्टच सांगितलं की फार तर एकदा वाजेल.

दुसऱ्या एका कॅसेटवर मी रंगीत तालीम केली. सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीशी बोलणं झालं, त्यात कार्डांची निवड बदलली गेली असावी, कारण रेकॉर्डिंग सुरू करताना कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, आवाज कुठून घेऊ? दोन नावं, एकाखाली एक. माझं बोट वरच्या नावावर गेलं. एक्स्चेंजच्या बोर्डावर येणारे कॉल वरच्या रांगेत असायचे. तीस वर्षं हाताला तेच वळण.

"मी मधे बोलले तर चालेल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"खुशाल बोला. खोलीतला आवाज त्यात जातच नाही."

मी स्वतः मात्र गप्प. लाइन जोडून दिली की ऑपरेटरने मधे तोंड उघडायचं नाही, ते अंगात भिनलेलं. पडद्यावरची हिरवी रेघ नाचत होती आणि मी तिच्यावर डोळे लावून बसले होते. वीस मिनिटं झाली, त्याचं बोलणं संपलं आणि टेप तुटली. मला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला हवं ते मिळालं, असंच वाटलं.

मग रेकॉर्डिंग लावलं. आधी पंखा ऐकू आला. मग खुर्चीची करकर, आणि त्यामागे, शेजारच्या घरातून यावा तसा, नवऱ्याचा आवाज. वरचं नाव जुन्या कार्डाचं होतं. माइकने सगळी खोली टिपली होती.

"आई, मी चुकले," मी म्हणाले. "त्याचा आवाज घालवला मी."

"लाव तर खरं पुढे," त्या म्हणाल्या.

"आई, वेळेवर जेवतेस ना?" त्याने विचारलं आणि तो थांबला. प्रश्न विचारला की तो असाच थांबायचा, फोनवर बोलत असल्यासारखा. त्या थांबण्यात सासूबाईंचा आवाज आला, जवळून, खणखणीत. "जेवते रे. न जेवता ही उठू देईल तेव्हा ना."

"आणि गुडघा काय म्हणतो?"

"आहे आपला कुरकुरत."

सगळं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे बरंय. आजवर तो एकटाच बोलायचा."

मला रडू आलं, आणि त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेला मी शेवटाकडे कान दिला. तिथे त्याने माझी चौकशी केली होती. "आणि तू गं? रात्रपाळ्या करून थकत असशील. बरी आहेस ना?" मग तो थांबला. नुसता पंखा फिरत राहिला.

"इथे तू बोललीच नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"मधे बोलायची सवय नाही हो, आई."

त्यांनी तिसऱ्यांदा लावायला लावलं. ती जागा आली तशी त्यांनी माझ्या कोपराला बोट टोचलं.

"बरी आहे," मी स्पीकरकडे बघत म्हणाले. "थकते थोडी."

तोवर तो पुढचं बोलू लागला होता.