बॉनेटवरचा तळहात

गॅरेजसमोर माणसांची दाटी झाली होती आणि मधोमध एक पांढरी मोटार आचके देत होती. इंजिन सुरू होई, थरथरे, दोन उसासे टाकी आणि विझे. ती नुकतीच गॅरेजमधून बाहेर आली होती. आत गेली होती ती केवळ पुढचा दिवा बदलायला. गाड्यांची बाधा उतरवणाऱ्या इंजिनबाबांनी डोळे मिटले, बॉनेटवर तळहात ठेवला, आणि गर्दीतला शेवटचा खोकलाही थांबला.

"घड्याळ बघा," बाबा म्हणाले.

मालकाने आत वाकून पाहिले. दुपार उतरणीला लागली होती, पण मोटारीतले घड्याळ बारावर लुकलुकत होते.

"या मेकॅनिकने हात घातला त्याच क्षणी बाधा शिरली. टेकडीला फेरी घाला. वाटेत थांबायचं नाही, बोलायचं नाही, शंका घ्यायची नाही."

फेरी घालून परतलेली मोटार तृप्त मांजरासारखी गुरगुरत होती. लोकांनी बाबांना अदबीने वाट करून दिली.

बाबांची ख्याती अशाच फेऱ्यांवर वाढली होती. ज्या गाडीत खरोखर काही मोडलेले असे, ती फेरीनंतरही रडतच राही. तिच्या मालकाला बाबा हळुवारपणे सांगत की वाटेत मनात शंका आली असणार. आता, शंका कोणाच्या मनात येत नाही? त्यामुळे बाबा कधीच चुकत नसत. आंधळ्या गिऱ्हाइकांना आरसे विकण्याचा धंदाही इतका बिनधोक नसेल.

या कीर्तीची झळ मात्र मेकॅनिकला लागत होती. त्याच्या हातातच दोष आहे, हे आता ठरून गेले होते. त्याची बायको वर्षापूर्वी आजाराने गेली होती. लोकांनी तोही पुरावा म्हणून जोडून टाकला. तेव्हापासून तो हात खिशात घालून उभा राहू लागला. गिऱ्हाइकाला किल्ली द्यायची तर फडक्यावर ठेवून पुढे करी, आपली बोटे त्याला लागू नयेत म्हणून. गाळा माझ्या काकांचा होता. त्याच संध्याकाळी गॅरेजला कुलूप लावायचे, असे त्यांनी ठरवले होते आणि मेकॅनिकने हरकतही घेतली नव्हती.

"खरंच असेल हो," तो मला खालच्या आवाजात म्हणाला. "एवढं जपून करतो मी, तरी बाहेर पडली की बंद पडते."

कपाळावर लिहिल्यासारखे ते त्याने स्वीकारले होते. मला तिथे उभे राहवेना. मी आत्याला घेऊन आलो.

आत्या, म्हणजे काकांची धाकटी बहीण, शाळेत विज्ञान शिकवते. तिने मेकॅनिकला एकच विचारले: गाडी आत आली की सर्वांत आधी काय करतोस? तो म्हणाला, बॅटरीची तार काढतो. दिवा बदलायचा असला तरी? तरीही. एकदा ठिणगी उडून हात भाजला होता. तेव्हापासून तार काढल्याशिवाय तो कुठल्याही गाडीला हात लावत नसे.

आत्या काकांकडे वळली. "दादा, तुझी गाडी आण."

काकांची गाडी या गॅरेजची पायरी कधी चढली नव्हती. "त्याचा हात लागू देणार नाही मी," काका गुरकावले.

"त्याचा नको. माझा लागेल."

आधी तिने बाबांना गाडी तपासायची विनंती केली. तळहात टेकला गेला, डोळे मिटले गेले, आणि गाडी निर्मळ असल्याचा निर्वाळा मिळाला. मग आत्याने पाना मागून घेतला, बॅटरीची तार काढली, पदर खोचून थोडा वेळ जाऊ दिला आणि तार पुन्हा जोडली. काकांनी किल्ली फिरवली. घड्याळात बारा. इंजिन थरथरले आणि दोन उसासे टाकून विझले.

"बाईंनाही बाधा लागली," बाबा तत्परतेने म्हणाले.

"लागू दे. दादा, आता फेरी मार. पण मौन नको. रेडिओ लाव, वाटभर बाबांना नावं ठेव, आणि शंका तर पोटभर घे."

नावे ठेवण्याच्या कलेत काकांना कोणी काही शिकवायची गरज नाही. ते परतले तेव्हा इंजिन गुरगुरत होते आणि काकांच्या चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या माणसाचा ओशाळलेला राग होता.

आत्याने वर्गात सांगावे तसे सांगितले. इंजिनाच्या हवेच्या वाटेत काजळी साचत जाते, तसतशी नुसत्या चालू इंजिनाला किती हवा द्यायची हे गाडीतला छोटा संगणक सवयीने शिकतो. बॅटरीची तार काढली की बऱ्याच गाड्या ते शिकलेले विसरतात, आणि वेळही विसरतात. म्हणून घड्याळ बारावर येते आणि हवा कमी पडून इंजिन विझते. ॲक्सिलरेटर दाबून थोडे चालवले की गाडी पुन्हा शिकते. टेकडीभोवती चालवा, नाहीतर सासुरवाडीला न्या.

"आणि बाबा, तुम्हाला हे माहीत आहे," ती म्हणाली. "बाबा होण्याआधी बॅटरीच्या दुकानात तुम्ही काउंटरवर होतात. माझ्या गाडीत नवी बॅटरी बसवून म्हणालात, थोडी अडखळेल, एक चक्कर मारा, आपोआप ठीक होईल. तेव्हा तळहात लागला नव्हता."

बाबांनी गर्दीवरून नजर फिरवली. कोणीच डोळे मिटलेले नव्हते. "लोकांना धीर देतो मी," ते पुटपुटले.

"धीर? मग जो खिशात हात घालून उभा आहे, त्याला द्यायचा होता."

बाबा निघाले तेव्हा या खेपेस कोणी वाट करून दिली नाही. त्यांना माणसांमधून अंग चोरत जावे लागले.

काकांनी गॅरेजला लावायला आणलेले कुलूप उचलले. मग ते खिशात टाकून त्यांनी आपल्या गाडीची किल्ली मेकॅनिकसमोर धरली. "हवेची वाट साफ करून दे. काजळी झालीय म्हणे." मेकॅनिकने सवयीने फडके पुढे केले. काकांनी ते बाजूला सारले आणि किल्ली त्याच्या उघड्या तळव्यावर ठेवली. त्या तळव्याच्या रेषांत तेल मुरलेले होते, एवढाच काय तो दोष.

एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे मानू नका. मध्ये काय झाले ते विचारा. आणि विचारण्याआधी कोणाच्या हातांना दोष देऊ नका. काही माणसे तो दोष खरा मानतात, आणि मुकाट्याने हात लपवतात.