सगळ्यांची आवडती जागा

आमच्या नगररचना कार्यालयाला लोकांचं मत विचारायची भारी हौस. वस्ती टिकाऊ करायची, पायी फिरता येईल अशी, झाडाझुडपांची, तर आधी राहणाऱ्यांना विचारा, असं साहेबांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं. शाळेच्या हॉलमध्ये वस्तीचा भलामोठा नकाशा पसरला आणि आलेल्या प्रत्येकाला हिरवा स्टिकर दिला.

"जिथे तुम्हाला बरं वाटतं, तिथे लावा," साहेब म्हणाले.

नकाशे मी काढते, म्हणून टेबलाशी मीच उभी होते. लोकांनी बोटाने गल्ली शोधली आणि बहुतेकांनी स्टिकर लावला तो माझ्या आत्याच्या घरावर. आत्या शिवणकाम करते. फाटकी पिशवी घेऊन आलेला माणूस तिच्या ओट्यावर तासभर बसतो, भांडून आलेली सून बसते, दोन पेन्शनवाले तर तिथेच मुक्कामाला. आत्यानेही आपला स्टिकर तिथेच लावला.

"लाज कसली? मला माझ्याच घरी बरं वाटतं," ती म्हणाली. सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशा लांब धरून पाहिला. "हिरवं दाट आहे तिथे बाग."

"साहेब, ते घर आहे. लोकांना त्यातली बाई आवडते."

"तुझी आत्या ना ती?"

झालं! पुढे मी जे बोलले ते सगळं नात्यापोटी ठरलं आणि घर पाडायचं पक्कं झालं. शेजारी हमरीतुमरीवर आले, तर साहेबांनी त्यांना नकाशावरची त्यांचीच पसंती दाखवली. आपलेच दात, आपलेच ओठ. पेन्शनवाले रडवेले होऊन माफी मागायला गेले, तेव्हा आत्यानेच त्यांची समजूत घातली. मला सगळ्यांचा राग येत होता आणि तो काढायला जागा नव्हती. आत्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. बागेचा आराखडा माझ्याकडेच आला.

तो मी तिला दाखवायला नेला. तिने शिलाई मशीनवर पसरला, चष्मा लावला.

"ओट्याच्या जागी बाकडं ठेवलंस? बरं केलंस. मीही येत जाईन बसायला. उघडते कधी?"

"सकाळी आणि संध्याकाळी. मधे कुलूप असतं."

"अगं, पण सगळे दुपारीच येतात."