लोटूआबांच्या गाडीचा पोळा

नूतनला हट्टी म्हणणं म्हणजे उसाला गोड म्हणणं. त्यात नवीन काय सांगितलं? तरी त्या रविवारी तिनं कमालच केली. सकाळी सातच्या आत ती कतारगामहून चलथाणला पोचली, चहाला नको म्हणाली, ओढणी कमरेला करकचून बांधली आणि आईच्या खोलीमागे नऊ वर्षं उभ्या असलेल्या ट्रकचं बॉनेट उघडायला लागली. ते उघडेना. दोन लाथा बसल्या तेव्हा उघडलं.

हा ट्रक तिच्या वडिलांचा, लोटूआबांचा. खानदेशातून सुरतेला आलेल्या या माणसानं सारा जन्म याच ट्रकमधून साखर कारखान्याला ऊस वाहिला. ऊस उतरवून रिकामं परतताना ते चौदा वर्षांच्या नूतनला स्टिअरिंगवर बसवायचे. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, आबांना त्याचं काही नव्हतं. आबा गेले आणि ट्रक जागचा हलला नाही. आता नूतनच्या मनानं घेतलं होतं की हा ट्रक पुन्हा सुरू करायचा आणि आपण स्वतः चालवायचा. का, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "मला चालवायचाय म्हणून." झालं. पुढे बोलायची सोय नाही.

तिचा थोरला भाऊ गजेंद्र इच्छापोरला कारखान्यात कामाला. तो काही वाईट माणूस नव्हे, पण हिशोबी डोक्याचा. त्यानं ट्रक भंगारात द्यायचं ठरवून टाकलं होतं आणि रविवारी दुपारी चारला क्रेन बोलावली होती. नूतन भांडली तेव्हा तो म्हणाला, "नऊ वर्षांत इंजिन जाम झालंय गं. चारपर्यंत ते फिरवून दाखव, क्रेन मी स्वतः परत पाठवतो. नाही फिरलं तर परत विषय काढायचा नाही."

म्हणून नूतननं चिंधाकाकांना बोलावलं होतं. चिंधाकाका आबांचे जुने मिस्त्री. गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. त्यांनी इंजिनाच्या पुढच्या चाकाला भला मोठा पाना लावला, पान्याला पाइप अडकवला आणि दोघांनी जोर केला. चाक तसूभर हललं नाही. मग काकांनी नोझल खोलली आणि एकेका भोकातून आत तार घातली. तारेला तपकिरी, चिकट राळेसारखं काहीतरी लागून आलं. काकांनी ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे गाडीचं तेल नाही, पोरी. हे भजी तळायचं तेल आहे."

पायरीवर मेथी निवडत बसलेल्या नूतनच्या आईचा, पुष्पाबाईंचा हात थांबला.

"मीच पाजस," त्या म्हणाल्या. "पोळाले."

आता हे नीट सांगायला हवं. लोटूआबांकडे सुरतेत बैल कुठले? मग ते पोळ्याला ट्रकच सजवायचे. आरशांना शिंगांसारखा गेरू, बॉनेटवर झूल, बंपरपुढे पुरणपोळी. लोक हसले की म्हणायचे, "मी खातो कुणाचं? याचंच ना?" ते गेल्यावर पुष्पाबाईंनी हा पोळा एकदाही चुकवला नाही. उलट एक गोष्ट वाढवली. माहेरी पोळ्याच्या आधी बैलांना नळीनं तेल पाजायचे, अंगात ताकद राहावी म्हणून. ट्रकचा हवेचा रबरी पाइप उंदरांनी खाल्ला होता आणि इंजिनाचं तोंड उघडं पडलं होतं. पुष्पाबाईंनी त्या तोंडात दर पोळ्याला तांब्याभर शेंगदाण्याचं तेल ओतलं. नऊ पोळे, नऊ तांबे. ते तेल आत गेलं, सुकलं, पुन्हा ओतलं, पुन्हा सुकलं, आणि दट्टे जागच्या जागी चिकटून बसले.

नेमका त्याच वेळी गजेंद्र आला. त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"म्हणजे आबांच्या गाडीला मायनंच मारलं म्हणायचं," तो म्हणाला.

तो गमतीनं बोलला असेल, वैतागून बोलला असेल. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. पुष्पाबाईंनी मेथीची परडी खाली ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. नूतन मागोमाग गेली तर त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नुसत्या बसलेल्या.

"माले काय माहीत," एवढंच त्या म्हणाल्या. "मना हातनीच मरनी ती."

सकाळपासून नूतन स्वतःच्या हौसेसाठी झगडत होती. आता ते राहिलंच नाही. क्रेन आज ट्रक घेऊन गेली, तर माय उरलेला सगळा जन्म हेच बोलत राहणार. ती बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "तू तोंड शिवून बस तिथे." आणि गजेंद्र खरोखरच बसला.

"काका, हे सुटेल का?"

"गंजलं असतं तर मी नाही म्हणालो असतो," चिंधाकाका म्हणाले. "पण हे तेल आहे. डिझेलनं विरघळायला पाहिजे. वेळ किती आहे?"

"चारपर्यंत."

"मग बोलू नको, पाणी उकळ."

नूतननं चुलीवर पातेलं चढवलं. भोकांमधून डिझेल आत सोडलं, वरून इंजिनाला उकळतं पाणी घातलं, पुन्हा डिझेल, पुन्हा पाणी. दोन वाजता काका पाइपला लोंबकळले. पाना सटकला आणि काकांची बोटं सोलली गेली. ते मटकन खाली बसले.

"संपलं," ते म्हणाले.

नूतननं त्यांच्या बोटांना फडकं बांधलं. कतारगामच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा वर्षं ती एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवत होती. मशीन अडलं की नवशिके पुढे रेटतात आणि सुया मोडतात. जुन्या बायका चाक आधी मागे घेतात, केसभर, मग पुढे, परत मागे.

"काका, आपण सकाळपासून पुढेच ओढतोय," ती म्हणाली. "आधी मागे घेऊ."

"हे काय शिवणयंत्र आहे?"

"अडलेलं मशीन आहे. मला अडलेली मशिनं कळतात."

तिनं चाकावर खडूची रेघ मारली आणि पाइप मागे दाबला. मग पुढे. मग मागे. जोर न लावता, नुसतं अंगाचं वजन टाकून. अर्धा तास गेला, तास गेला. घाम डोळ्यांत उतरला, तळहातांना फोड आले. बसलेला गजेंद्र अस्वस्थ होऊन उठला, पुन्हा बसला. साडेतीनच्या सुमाराला खडूची रेघ नखाएवढी सरकली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"डिझेल घाल," ते हळूच म्हणाले.

चार वाजता क्रेन येऊन उभी राहिली तेव्हा रेघ बोटभर इकडे, बोटभर तिकडे जात होती. गजेंद्रनं ते पाहिलं. क्रेनवाल्यानं हॉर्न मारला, तरी तो जागचा हलला नाही.

नूतन आत गेली आणि आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. पुष्पाबाई येईनात, पण नूतनपुढे कोणाचं काय चाललंय? तिनं आईचे दोन्ही हात पाइपवर ठेवले.

"माय, दाब."

"मी नही. माले नको लावू हात."

"दाब म्हणते ना."

पुष्पाबाईंनी डोळे मिटले आणि दाबलं. पाइप त्यांच्या हाताखाली सरकला, अडखळला आणि एकदम सैल होऊन थेट खाली आला. आतून लांब फुसकारा निघाला आणि भोकांतून तेलकट डिझेल उडून तिघांच्या कपड्यांवर पडलं. चाकानं अर्धा फेरा घेतला होता.

"मरनी नही?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"नाही माय. जिवंत आहे."

तेव्हा कुठे पुष्पाबाई रडल्या. पाइप न सोडता, लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या.

गजेंद्र क्रेनवाल्याकडे गेला, हात जोडून त्याच्याशी काहीतरी बोलला आणि क्रेन वळेपर्यंत रस्त्यावर उभा राहिला. परत आला तो सरळ आईपुढे येऊन वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. मग त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बहिणीला विचारलं, "आता काय खोलायचं?"