उंबरठ्यावरच्या वहाणा

माझं तोंड फटकळ, हे केंख्रियाच्या अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. मी सीरा, थिओनोईबाईची दारवाली. बाईने मला गुलामीतून सोडवलं त्याला नऊ वर्षं झाली, पण मी तिचं दार काही सोडलं नाही. तिला माणसांची पारख नाही, येईल त्याला आत घेते, मग कोणीतरी नको का दाराशी?

बाईचा नवरा समुद्रात बुडाला. घर त्याचं, ते गेलं त्याच्या धाकट्या भावाकडे, लिसानियासकडे, आणि त्याने अट घातलेली की वहिनी आपल्या ऐकण्यात राहील तोवर घरात राहील. आता बाई कसली ऐकते! आठवड्याच्या पहिल्या दिवशी, उजाडता उजाडता, ख्रिस्ताची माणसं आमच्याकडेच जमायची. हमाल, कोळणी, रंगारी, दुसऱ्यांच्या घरचे गुलाम. मी दाराशी एकेकाचे पाय धुवायची, वहाणा उचलून बाहेरच्या भिंतीकडेला ओळीत लावायची. वेडंवाकडं ठेवलेलं मला खपत नाही.

त्या सकाळी आत झोसिमस होता. अलेक्झांड्रियाचा माणूस, लांबच्या मंडळींची पत्रं वाचून दाखवायचा. खायचा फार, म्हणून मला तो फारसा आवडायचा नाही. पण आदल्या दिवशी बाजारात दवंडी पिटली होती. ज्या परक्याच्या पाठीशी गावात राहतं घर असलेलं माणूस नाही, त्याला फटके मारून खाणीवर धाडणार. पाठीशी म्हणजे नुसतं तोंडाने नाही. उंबरठ्यावर यायचं, चारचौघांत त्याचा हात धरायचा आणि त्याचं बरंवाईट आपल्यावर घ्यायचं. एखादी बाई अशी उभी राहिली की तिला आमच्याकडे प्रोस्टॅटिस म्हणतात, पुढे उभी राहणारी. आता ती पुढे झाली तर घर जाणार, मागे राहिली तर झोसिमस जाणार. मला विचाराल तर मी झोसिमसला जाऊ दिलं असतं. खोटं कशाला सांगू?

ख्रिस्ताच्या नावाने भाकरी मोडायची वेळ झाली आणि दार वाजलं. उघडलं तर समोर लिसानियास, मागे परके हुडकायला निघालेले दोन दंडुकेवाले.

म्हटलं, बाईला ताप आहे, एकटी निजली आहे, घरात चिटपाखरू नाही. बोलताना मी दार अंगाने अडवून धरलं होतं. माझ्या मते छान बोलले. लिसानियासने मान डोलावली, वहिनीला जप म्हणाला, वळलासुद्धा. मग त्याची नजर खाली गेली.

भिंतीकडेला अठरा जोड वहाणा. एका रेषेत, टाचा भिंतीला, अगदी माझ्या हाताने लावलेल्या.

"ताप आलेल्या बाईला पाय बरेच दिसतात," तो म्हणाला. मग काठीने चाळत चाळत शेवटच्या जोडापाशी थांबला. लव्हाळ्याच्या विणलेल्या वहाणा. असल्या वहाणा आमच्या बंदरात कोणी घालत नाही. "आणि हा कुठला पाहुणा?"

माझं हे तोंड, एरवी मिटत नाही, तेव्हा मिटलं. आत चाललेली प्रार्थनाही थांबली होती.

बाई बाहेर आली. अनवाणी, झोसिमसचा हात धरून. मला हलकेच बाजूला सारून ती उंबरठ्यावर उभी राहिली. समोरच्या जाळीवाल्या बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या.

"भावजी, हा माझा माणूस आहे. याचं बरंवाईट माझ्यावर."

"वहिनी, विचार करून बोला. घर..."

"घर तुमचं. हा माझा."

झोसिमसचा हात तिने सोडला नाही. लिसानियासने दंडुकेवाल्यांना परत फिरवलं. रीत मोडण्याची त्याचीही छाती नव्हती. जाताना त्याने हात पुढे केला. बाईने कमरेची किल्ली काढून त्याला दिली.

झोसिमस दुपारच्या गलबताने गेला. जाताना रडला मेला. बाई एका कोळणीकडे राहायला गेली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. ती एक ओळ मी लावली नसती तर!

पुढच्या आठवड्यात माझ्या खोपटात मंडळी जमली. मासळी सुकवायची जागा ती, गुलामीतून सुटल्यावर पैसा पैसा जोडून घेतलेली, वास येतो, कोणी कुरकुर केली नाही. बाई आली, स्वतःच वहाणा काढल्या, ओळीच्या शेवटी ठेवल्या आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

भाकरी मोडतो न मोडतो तोच त्या दोघांपैकी एक दंडुकेवाला दारात उभा. ही माणसं कोणाची, म्हणून विचारायला लागला. सगळ्यांनी सवयीने बाईकडे पाहिलं. बाई उठायला लागली. तिच्याकडे आता ना घर, ना उंबरठा.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि दारात गेले.

"माझी," मी म्हटलं.

"आणि ती कोपऱ्यातली बेघर बाई?"

"तीही माझीच. तिचं बरंवाईट माझ्यावर. आता बाजूला हो, वहाणांवर पाय पडतोय तुझा."