चिबड आणि धूरपट्टी

हिंजवडीच्या शततारका सोसायटीच्या वार्षिक सभेची वेळ नोटिशीवर सकाळी दहाची असे, आणि दहा वाजता कोणी येत नसे. तशी सोय नोटिशीच्या तळाशीच केलेली होती. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल आणि त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही, हे वाक्य पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या नोटिशीवर सापडते. शततारकाचे सभासद ते सभेची खरी वेळ म्हणून वाचत. साडेदहाला खाली यायचे, सही करायची, वडा-चहा घेऊन वर जायचे. ठराव कमिटीने आधीच लिहून ठेवलेले असत.

२००९ सालच्या सभेपुढे दोन विषय होते.

पहिला कमिटीचा. मागच्या भिंतीलगत, पण भिंतीच्या बाहेर, सोसायटीच्याच मालकीची पाणथळ जागा होती. बिल्डरच्या जाहिरातीत तिला ‘वॉटर बॉडी’ म्हटले होते. गावातले लोक चिबड म्हणत. मुरूम टाकून ती बुजवायची आणि वर पार्किंग करायचे, असा प्रस्ताव होता. एप्रिलमध्ये सगळे माळ पिवळे पडले तरी चिबडातले गवत हिरवे असे आणि ते गोदाबाई कापून नेत. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली होती, दोन म्हशी उरल्या होत्या. सोसायटीत दूध त्याच घालत. चिबड बुजले तर म्हशी विकाव्या लागतील, हे त्यांनी जिन्यात रुपालीला सांगितले होते. सूर तक्रारीचा नव्हता. ‘दुधाचं दुसरीकडं बघून ठेवा ताई,’ एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

दुसरा विषय रुपालीने दिला होता. रुपाली मूळची भंडाऱ्याची, इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करणारी. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीच्या फ्लॅटचे हप्ते ती भरत होती. वीज गेली की जनरेटर सुरू होई आणि डिझेलचा खर्च सगळ्यांवर सारखा पडे. बाराव्या मजल्यावरच्या एसीचा आणि पहिल्या मजल्यावरच्या एका दिव्याचा वाटा एकच. ज्याने जेवढी वीज ओढली त्याने तेवढे द्यावे, घरातल्या दुसऱ्या गाडीवर वेगळा आकार बसवावा आणि त्यातून येणाऱ्या पैशातून लहान फ्लॅटचा मासिक खर्च कमी करावा, असे तिचे म्हणणे होते. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, ही धूरपट्टी, असे कोणीतरी लिफ्टमध्ये म्हणाले आणि तेच नाव पडले.

अध्यक्ष होते श्यामसुंदर पटवर्धन. ते विधिमंडळात लघुलेखक होते. उभी हयात दुसऱ्यांची भाषणे उतरवून घेतली, त्यात स्वतःचे मत कधी घातले नाही. निवृत्तीनंतर आधी शनिवार पेठेतल्या जुन्या घरी आणि मग मुलाकडे, आमोदकडे, राहायला आले होते. अध्यक्षपद दुसरे कोणी घेईना म्हणून त्यांच्याकडे आले. पार्किंगचा प्रस्ताव आमोदचा होता. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या.

सभेच्या आदल्या आठवड्यात रुपालीने उपविधी वाचून काढले. वीस सभासद वेळेवर हजर असले की सभा दहाला सुरू करता येत होती. पार्किंगवाले साडेदहाला उतरतील, तोवर पहिला ठराव फेटाळायचा आणि दुसरा मंजूर करायचा. तिने लहान फ्लॅटवाल्यांना गाठले, आणि गोदाबाईंनी दूध घालताना दारोदार बजावले, “धा म्हंजी धा. साडेधाला येऊन काय उपेग न्हाई.”

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये मांडलेल्या लाल खुर्च्यांवर वीस सभासद होते आणि आणखी काही उभे होते. पटवर्धनांनी चष्मा पुसून दोनदा मोजले.

“गणसंख्या पूर्ण आहे,” ते म्हणाले. “सभा सुरू झाली असे मी जाहीर करतो. सोसायटीच्या इतिहासात प्रथमच.”

रुपाली लगेच उठली. “पहिल्या विषयावर मतदान घ्यावं, काका.”

“आधी शोकप्रस्ताव. सी विंगचे कुलकर्णी दिवाळीत गेले. उभे राहू या.”

सगळे उभे राहिले, बसले. मग पटवर्धनांनी मागच्या सभेचा इतिवृत्तांत काढला.

“वाचला असं समजू या ना,” रुपाली म्हणाली.

“समजून चालत नाही. वाचावा लागतो.”

त्यांनी तो वाचला. गच्चीच्या गळतीपासून कुंड्यांपर्यंत सगळा, स्वल्पविरामांसकट. मग दुरुस्त्या विचारल्या. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या सुखदेवरावांनी आपले आडनाव चुकल्याचे सांगितले. पटवर्धनांनी ते सावकाश दुरुस्त केले आणि पुन्हा वाचून दाखवले. घड्याळ सव्वादहाच्या पुढे गेले होते. रुपाली टेबलापाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “तुम्ही हे मुद्दाम करताय. मला वाटलं, तुम्हालाही चिबड राहावंसं वाटतं.”

“वाटतं.”

“मग काहून? मुलासाठी?”

“बसा,” पटवर्धन म्हणाले. मग तेवढ्याच दबक्या आवाजात पुढे बोलले, “आता तुम्ही जिंकाल. उद्या ते सह्या गोळा करतील, महिन्याभरात विशेष सभा बोलावतील आणि सगळं उलटं करतील. पाठीमागे केलेले ठराव किती टिकतात, ते मी आयुष्यभर लिहिलंय. त्यांच्या तोंडावर जिंका.”

“आणि हरले तर गोदाबाईंच्या म्हशी तुम्ही विकत घेणार?”

पटवर्धन सभेकडे वळले. त्यांनी नमूद करण्याजोगे काही आहे का, असे सभेला विचारले.

साडेदहाला लिफ्टचे दार उघडले. आमोद आणि त्याच्याबरोबरचे बाराएक जण बाहेर आले आणि भरलेल्या खुर्च्या पाहून थांबले.

“सुरू झाली?” आमोदने विचारले.

“दहाला,” सुखदेवराव म्हणाले. “नोटिशीवर लिहिलं होतं. मराठीत.”

“बाबा, मला घरून निघताना सांगायचं तरी.”

“सभेत बाबा नाही,” पटवर्धन म्हणाले. “बोलायचं असेल तर अध्यक्षांना उद्देशून बोला.”

“बरं. अध्यक्ष महाराज,” आमोद म्हणाला, आणि पहिल्यांदा हशा पिकला.

पहिल्या विषयावर तोच बोलला. ऑफिसात सादरीकरण करतात तसे मुद्द्याला धरून. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, गेल्याच आठवड्यात त्याची गाडी टेम्पोने खरवडली. चिबडात डास होतात. जागा आपली, पैसे आपले. “म्हणजे बघा, एक चिखलाचा खड्डा वाचवायला आपण रोज दंड भरायचा का?”

रुपाली उठली. हातातला कागद तिने पाहिला नाही. “आमच्याकडे मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांनी बांधलेले.”

“इथला कुठल्या मामाचा?” मागून कोणीतरी म्हणाले.

“इथला तुमचाच आहे, आणि तुम्हीच बुजवताय,” रुपाली म्हणाली. “आमच्या गावच्या तलावात लोकांनी थोडं थोडं करत घरं बांधली. मग पावसाळ्यात पाणी आपली जागा शोधत घरांत आलं. मी सहावीत होते. पुस्तकं दोरीवर वाळत घातली होती. इथे भिंतीपलीकडचं पाणी कुठे जाईल? भिंतीच्या आत आपला तळमजला आहे. गाड्या तिथेच आहेत.”

कोणी हसले नाही. पण आमोदनेही मान डोलावली नाही. “म्हणजे बघा, गाड्या वाढतायत हे खरं आहे की नाही? त्या डोक्यावर घेऊन फिरू?”

“वाढतायत हे खरं,” सुखदेवराव बसल्या जागेवरून म्हणाले. “फिरतात हे खरं नाही. सगळे कंपनीच्या बसनं जाता. तुमच्या त्या दुसऱ्या गाडीचं कव्हर निघालेलं मी दसऱ्याला बघितलं, पूजेला. त्यानंतर तिच्यावर मांजर व्यायली.”

या वेळी पार्किंगवालेही हसले. आमोद हसण्याचे टाळत होता, पण त्याला ते जमले नाही. तो टेबलाकडे वळला.

“अध्यक्ष महाराज, दोन विषय एकत्र घेता येतील का?”

“सभेची हरकत नसेल तर.”

हरकत नव्हती.

“डिझेलचं मला पटतं,” आमोद म्हणाला. “वापरेल त्याने भरावं. मी जास्त वापरतो, मी जास्त भरीन. मग तेच गाडीला लावू. आधी दुसऱ्या गाडीला भाव लावू, आणि मग किती गाड्या उरतात ते पाहू. नुसती उभी करायला कोणी पैसे भरणार नाही. मीही नाही. भाव लावूनही जागा कमी पडली, तर चिबडाचं बघू. एक वर्ष त्याला हात लावायचा नाही, अशी मी माझ्याच प्रस्तावाला दुरुस्ती मांडतो.”

पटवर्धन मुलाकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली. “मूळ विषय क्रमांक दोन रुपालीताईंचा आहे. त्यांना ही जोडणी मान्य आहे?”

रुपाली हिशेब करू लागली. दहा वाजता चिबड कायमचे वाचवण्याइतकी मते तिच्याकडे होती. आता तिला एक वर्ष मिळत होते. तिने पाठीमागे पाहिले. खांबाजवळ दुधाची रिकामी किटली घेऊन गोदाबाई उभ्या होत्या.

“त्या वर्षात गवताचं काय?” सुखदेवरावांनीच विचारले. “बाई आज भिंतीच्या भगदाडातून जातात. वॉचमनने हाकललं की आठ दिवस नाही येत. परवानगी कुणाचीच नाही. हे चिबड आपण वाचवलं तरी त्यांचं कुठे वाचलं?”

रुपालीच्या कागदावर हा मुद्दा नव्हता. चिबड राहिले की गवत राहिले आणि गवत राहिले की गोदाबाई राहिल्या, एवढेच तिने धरले होते.

“मला दुरुस्ती मान्य आहे,” ती म्हणाली. “एका अटीवर. भगदाडाच्या जागी दार करायचं. गोदाबाईंना गवत कापायचा हक्क ठरावात लिहायचा. आणि तो एका वर्षापुरता नाही. चिबड आहे तोवर.”

“दार केलं तर म्हशी आत येतील,” पार्किंगवाल्यांपैकी एक जण म्हणाला.

“म्हशी कशाला येतील?” गोदाबाई खांबाजवळून म्हणाल्या. “म्हशी गोठ्यात हायती. मी येती. तुमचं दूध कुठनं येतं ते तरी कळंल.”

पटवर्धनांनी टेबलावर पेन आपटले. “सभासद नसलेल्या व्यक्तीला सभेत बोलता येत नाही. हे वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात यावे.”

सचिवाने ते काढून टाकले. सगळ्यांनी ते ऐकलेले होते.

मतदान हात वर करून झाले. दोन्ही हात गुंतलेल्यांनी वड्याची बशी खाली ठेवली. विरोधात पाच-सहा हात होते, त्यांतला एक डासांसाठी वेगळा ठराव मागत होता. दुरुस्त्यांसह ठराव मंजूर झाला आणि डासांचा विषय पुढच्या कमिटी बैठकीत घ्यायचे ठरले.

लोक पांगल्यावर आमोद वडिलांजवळ खुर्च्या रचू लागला. “तुम्ही दहा वाजताच मतदान घेऊ शकत होतात.”

“हो.”

“मग?”

“तू भाषण केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं,” पटवर्धन म्हणाले. “बरं करतोस. ‘म्हणजे बघा’ फार वेळा म्हणतोस.”

आठवड्याभरात भगदाडाच्या जागी लोखंडी दार बसले. कडी दोन्ही बाजूंनी उघडेल अशी करून घ्यायला रुपाली स्वतः फॅब्रिकेशनवाल्याकडे गेली. गोदाबाईंनी पहिल्या दिवशी दार ढकलून पाहिले, परत लावले, पुन्हा उघडले आणि विळा घेऊन आत गेल्या. मांजर असलेली गाडी आमोदने मार्चमध्ये विकली.

पुढच्या वर्षी चिबडाचा विषय ठरल्याप्रमाणे पुन्हा पत्रिकेवर आला. गणसंख्येचे ते वाक्य नोटिशीच्या तळाशी होतेच. सभेच्या दिवशी पावणेदहालाच लाल खुर्च्या संपल्या आणि आमोद वरून घरच्या खुर्च्या आणायला धावला. रुपालीने पहिल्या वक्त्याची चिठ्ठी स्वतःच्या नावाची दिली होती. पटवर्धनांनी ती बाजूला ठेवली आणि मागच्या सभेचा इतिवृत्तांत उघडला.

“वाचला असं समजू या,” चारपाच आवाज एकदम आले.

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.