बासष्ट गिऱ्हाइकं, एक पत्ता

ऑफिसातल्या हर्षालीने कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "निसारभाई, ही बासष्ट गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावर कशी काय?"

निसारभाईंनी चष्मा पुसला. एका पत्त्यावर कसली! कुणी पिंपळगावचं, कुणी नामपूरचं, कुणी एकलहऱ्याचं. पण कॉम्प्युटरच्या लेखी सगळ्यांचा ईमेल एकच, ऑफिसने निसारभाईंना दिलेला.

शालिमार चौकाजवळच्या त्या लहानशा ऑफिसात वेबसाइटची नावं विकली जात, शेवटी .इन किंवा .भारत लागतं ती. नाव कायमचं कुणाचंच नसतं. वर्षाची मुदत संपली आणि वेळेत वाढवली नाही, की दुसरा कुणीही ते उचलतो. म्हणून अठरा वर्षं निसारभाई भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारखा लिहीत आणि आठवडाभर आधी एकेकाला फोन करत. गावाकडच्या माणसांना ईमेल विचारला तर ती म्हणत, तुमचाच टाका ना भाऊ. निसारभाई टाकत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

आता या नावांची सगळी यादी सांभाळणारी यंत्रणा आणि ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर परस्पर बोलणार होती. मध्ये माणूस नको. निसारभाईही नकोत. महिनाअखेर त्यांचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी त्यांचा ईमेल बंद. यंत्राची अट एकच होती. ईमेलवर एक बटण येईल, ते मालकाने दरवर्षी दाबायचं. या खेपेला मुदत पंधरा दिवस. नाही दाबलं तर साइट बंद, आणि मागोमाग नावही गेलं.

बासष्ट बटणं निसारभाईंनी एका दुपारी दाबली असती. पण मग पुढल्या वर्षीची आठवण ईमेलच्या बंद पेटीत पडून राहिली असती. एकदा ते टायफॉइडने आडवे झाले, तेव्हा नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचं नाव असंच गेलं होतं. ते परत मिळालं नाही. तो माणूस चकार शब्द बोलला नाही, हेच त्यांना अजून सलत होतं.

त्यांनी हर्षालीला सगळं सांगून टाकलं. ती आधी चिडली. मग म्हणाली, की पंधरा दिवस आहेत, लागा कामाला.

लागले. कुणाचा नातू सापडला, कुणाची सून. काहींनी फसवणुकीचा फोन समजून आदळला. त्यांच्याकडे निसारभाई एसटीने जाऊन आले, चहा पिऊन ईमेल घेऊन आले. दोन दिवस उरले तेव्हा एकसष्ट झाली होती.

राहिल्या पिंपळगाव बसवंतच्या चंद्रभागाबाई. द्राक्षरोपांची नर्सरी, साइटला नाव नवऱ्याचं, रंगनाथचं. त्याला जाऊन तीन वर्षं झालेली. पोरबाळ नाही, बाईंकडे बटणांचा साधा फोन. पण लांबलांबची गिऱ्हाइकं त्या नावावरूनच रोपं मागवायची, आणि रोपांवरच बाईंचं घर चालायचं.

"वहिनी, कुणा विश्वासातल्याचा पत्ता द्या," निसारभाई फोनवर म्हणाले.

"तुमचाच राहू द्या की."

"माझा बंद होतोय. मीच ऑफिस सोडतोय."

पलीकडे बाईंनी पाण्याची मोटर बंद केली.

"मंग पुढल्या वर्साला फोन कोन करील? यांचं नाव घिऊन फोन करनारं आता तुमच्याबिगर कोनी नाय, भाऊ."

निसारभाईंनी फोन ठेवला आणि हर्षालीला विचारलं, की स्वतःचा ईमेल काढायला काय काय लागतं. अठरा वर्षं लोकांना पत्ते दिले, पण या माणसाचा स्वतःचा असा एकही नव्हता.

"परत तेच?" हर्षाली म्हणाली.

"ही एकच."

हर्षालीने तो काढून दिला. मालक म्हणून चंद्रभागाबाईंचं नाव घातलं, पत्ता निसारभाईंचा. बटण दाबलं गेलं. महिनाअखेर निसारभाई कॅलेंडर भिंतीवरच ठेवून घरी गेले.

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, सकाळी चहा घेताना, यंत्राचा ईमेल आला. त्यांच्या पेटीत दुसरं काही फारसं येत नसे. त्यांनी बटण दाबलं. काम तेवढंच होतं, ते झालं.

तरी निसारभाईंनी आंघोळ केली, ऑफिसचा निळा शर्ट इस्त्री करून घातला, खिशाला पेन लावलं. मग अकरा वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिले, कारण ऑफिसचे फोन अकरालाच सुरू होत.

"रंगनाथभाऊंची नर्सरी ना?" त्यांनी फोन लावून विचारलं.

"हां, त्यांचीच हाय," पलीकडून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बोला."