भिंतीकडे तोंड केलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लिहायची नव्हे आणि माती वाहायचीही नव्हे, दारावरची, नावाची. माझी पाठ खरबरीत आणि तोंड गुळगुळीत आहे. तोंडावर पांढऱ्या रंगात एक ओळ होती, ती आता नीट वाचता येत नाही. माझी गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. गोष्ट सांगणाऱ्याला निदान चूक कुणाची होती एवढं तरी ठाऊक असावं ना? मला ते अजून कळलेलं नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

चिंचवड स्टेशनापलीकडे एक लहानसा ओतकामाचा कारखाना होता. तिथे परमुलखातून एक यंत्र आलं, त्याच्या खोक्याची मी एक फळी. यंत्र निघालं आणि आम्हा सगळ्या फळ्यांची रवानगी जळणात व्हायची होती. पण हिंदुराव नावाच्या कामगाराने मुकादमाकडून मला मागून घेतलं, रंधा मारला, काळा रंग दिला आणि चिंचवड गावठाणातल्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे नेलं. त्याने माझ्यावर लिहिलं, ‘श्री. हिंदुराव बाबाजी निकम’. सुरुवात फार कडेपासून केल्यामुळे ‘श्री’ जरा चेपला गेला. पण हिंदुराव म्हणाले, "असू दे, माझ्या बापाचं नाव तरी ऐसपैस बसलंय."

साल १९५५. हिंदुराव सातारा जिल्ह्यातून आलेले. पिंपरी गावाच्या कडेला ठकुबाईंच्या कौलारू खोल्या होत्या, त्यांतल्या चौथ्या खोलीत ते बायकोला, सुभद्राबाईंना, घेऊन राहत. मला दाराशेजारी भिंतीवर लावलं, त्या दिवशी सुभद्राबाईंनी मला हळदीकुंकू वाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्यावर नवऱ्याचं नाव आहे एवढं त्यांना माहीत होतं आणि म्हणून त्या मला रोज पदराने पुसायच्या.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत. सुभद्राबाई ‘हे’ म्हणत, ‘घरातले’ म्हणत, फारच अडलं तर शेजारणीला खुणेने सांगत. त्यामुळे मला वाटे की त्यांच्या वाटचं नाव मीच घेते. केवढा मान! मी ताठ होऊन बसायची.

दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की दारावर विकणारे येत. बांगड्यांचा म्हातारा कासार यायचा, सुया-पोत विकणारी यायची, कल्हईवाला यायचा. ते ओळखीचे. पण कारखान्यांच्या पाठोपाठ नवी माणसं येऊ लागली होती. कुणी दंतमंजन आणायचा, कुणी देवांच्या तसबिरी, कुणी केस वाढवायचं तेल. त्यांच्यात खरा कोण आणि लबाड कोण, हे मला ओळखता येत नसे. सगळ्यांना सारखाच घाम यायचा आणि सगळे सारखंच गोड बोलायचे.

असाच एक जण आला. पांढरा सदरा, काळी पिशवी, मनगटावर घड्याळ. तो दाराशी थांबला, पण दार वाजवलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बोट फिरवत मला पुटपुटत वाचलं. एकदा नाही, दोनदा! मला तोवर इतकं नीट कुणी वाचलंच नव्हतं. पोस्टमन नुसती नजर टाकून जायचा. मी अगदी फुलून गेले. मग त्याने कडी वाजवली.

"हिंदुराव बाबाजी निकमांचं घर हेच ना? त्यांनीच पाठवलंय, वहिनी. म्हणाले, पहिली पुडी आमच्या घरी द्या."

सुभद्राबाईंनी पदर सावरला. जे नाव त्या स्वतः कधी उच्चारत नव्हत्या, ते हा माणूस सासऱ्यांच्या नावासकट घेत होता. मग तो परका कसा असेल? त्यांनी त्याला आत घेतलं, बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं.

त्याने पिशवीतून भांडी उजळायची पूड काढली आणि तांब्या असा घासला की त्यात तोंड दिसावं. मग म्हणाला, "सोनंसुद्धा असंच उजळतं." सुभद्राबाईंच्या गळ्यात बोरमाळ होती, त्यांच्या आईने मरताना दिलेली. ती त्यांनी काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने पातेल्यात हळदीचं पाणी घेतलं, त्यात माळ सोडल्यासारखं केलं, वर झाकण ठेवून फडक्याने बांधलं आणि पातेलं चुलीवर चढवलं. "अर्धा तास उघडू नका, वहिनी. वाफ गेली तर सोनं काळं पडतं." एवढं बोलून तो बाहेर पडला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मीही मनातून हसले, मित्रांनो. मला वाटलं, ओळख ठेवतोय.

सुभद्राबाई अर्धा तास चुलीपुढून हलल्या नाहीत. फडकं सोडलं तेव्हा पातेल्यात पिवळं पाणी आणि पाच खडे होते.

त्यांचा आवाज ऐकून घरमालकीण ठकुबाई धावत आल्या. त्या पिंपरीच्याच, शेतकरी घरातल्या, बोलायला सडेतोड.

"कोन हाय, कुठला हाय, काय बी न इचारता चुलीपतुर आनलास व्हय त्याला?"

"नाव घेतलं की ओ त्यानं! मामंजींच्या नावासकट घेतलं!"

"आगं येडे, ते दारावर लिवलंय! वाचता येनारा कुनीबी वाचंल."

सुभद्राबाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या लेखी मी देव्हाऱ्यातल्या टाकासारखी एक वस्तू होते. माझ्यावरच्या रेघांतून नाव उचलून कुणीही तोंडात घालून घेऊ शकतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला खूप काही सांगायचं होतं. पण मला एकच ओळ येते.

संध्याकाळी हिंदुराव आले. रागावले नाहीत. उंबऱ्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या नावानं गेली." दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि तोंड भिंतीकडे करून लावलं. पुसलं नाही.

तेव्हापासून माझ्यापुढे चुन्याची भिंत. मी विचार करायची, माझं चुकलं कुठे? मला नाव सांगण्यासाठीच तर घडवलं होतं. ‘चांगल्याला सांग, वाइटाला सांगू नकोस’ असं पेंटरने काही लिहून दिलं नव्हतं. आणि मी नाव सांगायचं नाही, तर मग मी आहे कशाला? काही उलगडेना.

सुभद्राबाई आता दिवसाही कडी लावून बसत. कुणी दार वाजवलं की फटीतून म्हणत, "आमाला काय नको." पोस्टमन गोंधळला आणि निकमांची पत्रं सहाव्या खोलीत पडू लागली. म्हातारा कासार दोनदा आला. "सुभद्राबाय, मी हाय, आवाज वळखत न्हाई का?" दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. हे बरं झालं की वाईट, तेही मला सांगता यायचं नाही.

मग चैत्रातली एक दुपार. सायकल आपटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी जोरजोराने कडी वाजवू लागलं.

"वहिनी! सातारकराचं घर हेच का? मी चिमाजी, त्याच्या संगं कामाला असतो. लवकर चला. साच्याची लोखंडी पेटी पायावर पडली त्याच्या. पुण्याला नेतायत, गाडी सडकेला उभी हाय."

आतून सुभद्राबाईंचा आवाज आला, "हितं सातारकर कुनी ऱ्हात न्हाई."

"अहो, उंच, कपाळावर खोक असलेला!"

"नाव सांगा."

चिमाजी घुटमळले. "आम्ही सगळे त्याला सातारकरच म्हणतो. पुरं नाव... हजेरीत असंल, वहिनी. मला वाचता येत न्हाई."

मित्रांनो, मला काही उमजेना. लबाड माणसाला नाव वडिलांसकट ठाऊक होतं आणि हा म्हणतो मला माहीतच नाही! मग हा जास्तच लबाड की काय? पण त्याचा आवाज रडवेला होता. आणि तो खरा असेल तर? सडकेवरची गाडी किती वेळ थांबणार? मी तर त्याच्याकडे पाठ करून होते. सरळ असते, तरी त्याला माझा उपयोग नव्हताच.

"पुण्याचे डॉक्टर म्हणं पाय कापायचं बोलतील," चिमाजी म्हणाले. "तो सारखा म्हणतोय, मंडळींना आणा. मी तुम्हाला काय म्हणून सांगू म्हणजे पटंल?"

चिमाजी बराच वेळ उन्हात उभे होते. मग सुभद्राबाई दाराजवळ आल्या आणि फटीतून म्हणाल्या, "काल त्यांच्या डब्यात काय हुतं?"

"काल?" चिमाजी म्हणाले. "पिठलं-भाकरी. आणि राग मानू नका, वहिनी, पिठल्यात मीठ नव्हतं. मी म्हणलं, घरी सांग की. तर म्हणला, बोरमाळ गेल्यापासनं तिचं ध्यान थाऱ्यावर न्हाई, तिला कुणी काय बोलायचं न्हाई. तसंच खाल्लं सगळं."

काल हिंदुराव कामावर गेल्यावर सुभद्राबाईंनी उरलेलं पिठलं चाखलं होतं, तेव्हा मीठ राहिल्याचं त्यांना कळलं होतं. संध्याकाळी त्यांनी भीतभीत विचारलं, तर हिंदुराव म्हणाले होते, "झकास झालं होतं." भिंतीला कान लावून असल्याने हे मला ठाऊक होतं.

कडी पडली. सुभद्राबाई पायात काही न घालता धावत सुटल्या, चार पावलांवर थबकल्या आणि परत आल्या. मला वाटलं, कुलूप लावायला आल्या. पण त्यांनी मला खिळ्यावरून ओढून काढलं, पदरात गुंडाळलं आणि पुन्हा पळू लागल्या. दार सताड उघडं. ठकुबाई मागून ओरडल्या, "जा तू, मी बसते दारात!"

पुण्याच्या दवाखान्यात खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"सातारकर," चिमाजी म्हणाले.

"पूर्ण नाव सांगा. अशी पन्नास माणसं येतात."

सुभद्राबाईंनी पदर सोडला आणि मला त्याच्यापुढे उभं धरलं. "हे त्यांचं नाव. नीट वाचा." कारकून आधी चक्रावला, मग चष्मा सारखा करून त्याने मला पाहून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. चेपलेला ‘श्री’सुद्धा.

हिंदुरावांच्या पायाची दोन बोटं गेली, पण पाय वाचला. शुद्धीवर आले तेव्हा मी खाटेच्या कडेला टेकून होते.

"घराला कुलूप लावलंस?"

"न्हाई."

"आणि ही पाटी कशाला आणलीस?"

"तुमाला दुसऱ्याच कुनाच्या नावावर ठिवलं असतं, तर मी कुनाला धुंडायचं हुतं?"

हिंदुरावांनी तोंड भिंतीकडे केलं. मीही भिंतीकडे तोंड करून बरेच महिने काढले आहेत. माणूस असं तोंड फिरवतो तेव्हा त्याला काय होत असतं, ते मला थोडंफार कळतं.

बोरमाळ काही मिळाली नाही. मला मात्र पुन्हा सरळ लावलं, आणि आज माझा रंग उडालाय तरी मी तशीच आहे. नाव सांगत राहावं की गप्प बसावं, हे अजूनही मला ठरवता येत नाही. तुम्हाला एवढीच विनंती करते. दारात कुणी तुमचं नाव घडाघडा म्हणून दाखवलं, तर त्यावर भुलू नका; ते माझ्यासारखीनेच त्याला दिलेलं असतं. कडी हवी तर लावा. पण तिच्याआडून एखादा प्रश्न विचारा, आणि उत्तर द्यायला त्याला वेळ द्या. त्या दुपारी चिमाजी उन्हात पाव तास उभे होते आणि सडकेवरच्या गाडीने त्यांची वाट पाहिली. नेहमीच गाडी थांबते असं नाही.